आधी कोण उडते? : मिश्र थेंबाच्या सुकण्याचे शास्त्र

जून संपत आला की चाकण, निघोजे, कुरुळी, भोसरी या पट्ट्यातल्या रंगकामाच्या शेडमध्ये एक बदल गाजावाजा न होता होतो. उन्हाळाभर चाललेला जलद थिनर मागे सरकतो आणि संथ थिनरचा डबा पुढे येतो. एनसी रंग मारणारा कारागीर त्यात थोडा रिटार्डरही ओततो. कारण विचारले तर म्हणतो, ‘‘हवेत ओल आहे, नाहीतर रंग पांढरा पडतो.’’ उत्तर अगदी बरोबर आहे. पण ओल हवेत असताना पांढरेपणा रंगात का उतरतो, आणि थोडासा रिटार्डर त्याला कसा अडवतो, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते.

हे सांगणारे शास्त्र आज उपलब्ध आहे. मिश्र द्रवाचा थेंब सुकताना त्याच्या आत काय चालते, यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर मोठे काम झाले आहे. त्यातले बरेचसे काम चहा-कॉफीचे डाग, दारू, खाण्याचे रंग अशा साध्या वस्तूंपासून सुरू झाले. ते आपल्या रंगाच्या शेडपर्यंत आणून पोचवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निघोजे हे खेड तालुक्यातले शेतीचे गाव. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, महिंद्रचा त्यानंतर वर्षभरात. दोघांच्याही पत्त्यात निघोज्याचे नाव आहे. अशा मोठ्या कारखान्यांत रंगाच्या लाइनवरची हवा यंत्राने नेमकी राखली जाते. त्यांच्या आजूबाजूला मात्र ब्रॅकेट, हँडल, कव्हर, पत्र्याच्या पेट्या असे सुटे भाग रंगवून देणारे असंख्य लहान जॉबवर्कवाले आहेत. त्यांच्या शेडमध्ये बाहेर असेल तीच हवा आत असते. मोठे हवा बदलतात, लहानांना थिनर बदलावा लागतो. म्हणून थेंबाचे शास्त्र लहान शेडला अधिक लागू पडते.

या शास्त्राचे सार एका वाक्यात सांगता येईल. एकाच द्रवाचा थेंब सुकताना फक्त लहान होत जातो. दोन द्रवांचा थेंब सुकताना लहान होतो आणि बदलतोही. त्यातला एक घटक आधी उडतो, दुसरा मागे राहतो. हा क्रमच थेंबाला आतून वाहायला लावतो, आणि वाळल्यावर पृष्ठभाग कसा दिसेल हे बरेचसे तिथेच ठरते.

एकाच द्रवाचा थेंब

आधी सोपी गोष्ट घेऊ. हवेत तरंगणारा पाण्याचा गोल थेंब किती वेळात नाहीसा होईल? जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७७ मध्ये आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये याचा पाया घातला. थेंबाच्या पृष्ठभागालगतची हवा वाफेने भरून जाते. ती वाफ दूर पसरली तरच नव्या वाफेला जागा होते. त्यामुळे सुकण्याचा वेग ठरतो तो वाफ हवेत किती झपाट्याने पसरते यावर. हिशेब केला की एक सुटसुटीत नियम मिळतो : थेंबाचे आयुष्य त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

याचा अर्थ असा. २ मिलिमीटरच्या थेंबाला सुकायला एक तास लागत असेल, तर २० मायक्रॉनच्या थेंबाला किती? व्यास शंभरपट लहान, म्हणून वेळ दहा हजारपट कमी; म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. स्प्रे गनमधून निघणारे थेंब साधारण याच मापाचे, काही दशक मायक्रॉनचे असतात. गनपासून पत्र्यापर्यंतचे वीतभर अंतर ते सेकंदाच्या काही शतांशांत पार करतात. एवढ्यातही जलद द्रावकाचा मोठा भाग वाटेतच उडून जातो. गनमध्ये भरलेला रंग आणि पत्र्यावर पडलेला रंग हे त्यामुळे कधीच एकसारखे नसतात.

आता थेंब पृष्ठभागावर ठेवू. स्टीलच्या ताटलीवर चहाचा थेंब सांडून वाळू द्यावा. वाळल्यावर मधोमध फिकट आणि कडेला गडद, अशी रिंगण उठते. सगळा रंग कडेला कसा गेला? शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. पसरट थेंबाच्या कडेवरून वाफेला निसटायला अधिक मोकळीक असते, म्हणून कडा सर्वांत वेगाने सुकते. कडा मागे सरकू शकत असती तर थेंब सरळ आक्रसला असता. पण खरबरीतपणामुळे आणि कडेला साचलेल्या कणांमुळे ती जागेवर अडकून बसते. अडकलेल्या कडेवरची तूट भरून काढायला मधला द्रव बाहेरच्या दिशेने वाहू लागतो, आणि जाताना चहाचे कण सोबत नेतो. इतकी साधी गोष्ट, आणि छपाईच्या शाईपासून रक्ताच्या नमुन्यापर्यंत सगळ्यांना ती लागू होते.

पृष्ठताणाची ओढ

मिश्र द्रवाकडे वळण्यापूर्वी एक प्रयोग घरी करून पाहावा. पसरट ताटलीत पाण्याचा अगदी पातळ थर घ्यावा, त्यावर मिरपूड भुरभुरावी आणि मधोमध सर्जिकल स्पिरिटचा एक थेंब सोडावा. मिरपूड झटकन कडेला पळते. थर पुरेसा पातळ असेल तर मध्ये ताटलीचा तळ उघडा पडतो. (जवळ पेटती पणती ठेवू नये.)

पाणी कशाला घाबरून पळाले नाही. त्याला ओढले गेले. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि त्या ताणाला पृष्ठताण म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, अल्कोहोलचा २२ च्या जवळपास. स्पिरिट पडलेल्या जागी पडदा ढिला झाला, सभोवतालचा तसाच घट्ट राहिला. रस्सीखेचीत एक बाजू सैल पडावी तसे झाले, आणि द्रव घट्ट बाजूकडे गेला. कमी ताणाकडून जास्त ताणाकडे : हा एक नियम लक्षात ठेवला तर पुढचे सगळे उलगडत जाते.

१८५५ साली जेम्स थॉमसन या अभियंत्याने वाइनच्या पेल्याच्या आतल्या भिंतीवर चढणाऱ्या आणि थेंबाथेंबाने परत ओघळणाऱ्या पातळ थराचे हेच कारण दिले होते. भिंतीवरच्या पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडते, तिथे पाण्याचे प्रमाण वाढते, ताण वाढतो आणि तो थर खालची वाइन वर खेचतो. दहा वर्षांनी, १८६५ मध्ये, इटलीतल्या पाव्हिया इथे कार्लो मॅरांगोनी यांनी या विषयावर प्रबंध प्रसिद्ध केला, आणि पृष्ठताणातील फरकाने होणाऱ्या प्रवाहाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

ताणात फरक तापमानामुळेही पडतो. पण पाण्याचे तापमान एक अंशाने वाढले तर ताण घटतो जेमतेम ०.१५ ने. याउलट पाण्यात वजनाने दहा टक्के अल्कोहोल मिसळले, तर ताण ७२ वरून ४८ च्या आसपास उतरतो. म्हणजे मिश्रणातला थोडासा फरक शंभराहून अधिक अंशांच्या फरकाइतका भारी पडतो. मिश्र थेंब शुद्ध थेंबापेक्षा इतका चंचल का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पसरणारे आणि आक्रसणारे

मिश्र थेंबाची कडा सर्वांत वेगाने सुकते, हे आपण पाहिले. म्हणजे लवकर उडणारा घटक कडेवर सर्वांत आधी कमी होतो. आता दोन शक्यता उरतात.

पहिली, लवकर उडणाऱ्या घटकाचा ताण कमी आहे. पाणी-अल्कोहोलचा थेंब असा असतो. कडेवरून अल्कोहोल गेले, तिथे पाणी उरले, ताण वाढला. पृष्ठभाग मधून कडेकडे ओढला जातो आणि थेंब पसरू पाहतो. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा थेंबात बारीक कण सोडून प्रवाह मोजला. सुरुवातीला आत अनेक भोवऱ्यांची खळबळ दिसते, मग ते भोवरे कडेकडे सरकून विरतात आणि अल्कोहोल संपल्यावर चहाच्या थेंबासारखा संथ, बाहेरच्या दिशेचा प्रवाह उरतो. एकाच थेंबाच्या आयुष्यात तीन वेगळे काळ.

दुसरी शक्यता उलटी, लवकर उडणाऱ्या घटकाचा ताण जास्त आहे. पाणी आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण असे आहे. कडेवरून पाणी जाते, कमी ताणाचे ग्लायकॉल उरते, आणि पृष्ठभाग कडेकडून माथ्याकडे ओढला जातो. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, ग्लायकॉलही पसरते. पण दोघांचे मिश्रण मात्र पसरत नाही, टुमदार थेंब बनून उभे राहते. त्याला उभे धरणारी गोष्ट म्हणजे सतत चाललेले बाष्पीभवन. 

याच मिश्रणावर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नेट सिरा, आद्रियाँ बेनुसिलियो आणि मनू प्रकाश यांचा निबंध २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. मनू प्रकाश हे ‘फोल्डस्कोप’ या कागदी सूक्ष्मदर्शकाचे जनक म्हणून आपल्याकडे परिचित आहेत. या तिघांनी दाखवले की असे दोन थेंब काचेवर जवळजवळ ठेवले तर ते एकमेकांकडे सरकतात. प्रत्येक थेंबाभोवती वाफेचे वलय असते. शेजाऱ्याकडच्या बाजूला हवा आधीच ओलसर, म्हणून त्या बाजूने पाणी कमी उडते, तिथला ताण अधिक राहतो आणि थेंब त्या बाजूला ओढला जातो. दोघांतले प्रमाण वेगळे असेल, तर एक पुढे पळतो आणि दुसरा त्याचा पाठलाग करतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, पाणी, दोन रंगांची शाई आणि पाणी एकसंध पसरेल इतकी स्वच्छ घासलेली काचपट्टी एवढे जमवले तर हे घरच्या टेबलावरही पाहता येते. मी ते कित्येकदा पाहिले आहे, आणि दर वेळी घरातले मूल हातातले काम टाकून बघायला येते.

यातून रंगकामासाठी घ्यायचा धडा असा : थेंबाला शेजार असतो. बूथमध्ये भाग दाटीने टांगले, किंवा एखाद्या कोपऱ्यात हवा कोंडली, तर तिथली हवा द्रावकाच्या वाफेने भरलेली राहते आणि तिथला रंग वेगळ्या गतीने सुकतो. एकाच भागाच्या दोन बाजू मग वेगवेगळ्या दिसतात.

गुरुत्वाकर्षणाचीही एक भूमिका अलीकडे स्पष्ट झाली आहे. मिलिमीटरभर थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, म्हणून त्याच्या आतही गुरुत्व नगण्यच असणार, असे धरून चालत. २०१८ आणि २०१९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी थेंब काचेवर बसवून आणि उलटा टांगून तुलना केली. अनेक मिश्रणांत आतला प्रवाह उलट फिरला. आकारावर सत्ता पृष्ठताणाची असली, तरी आतल्या जड आणि हलक्या द्रवाच्या हालचालीत गुरुत्वाचा हात असतो, हे त्यातून दिसले.

थेंबातले दूध आणि पांढरा पडलेला रंग

डेटॉलचे चार थेंब पाण्यात टाकले की पाणी दुधाळ होते. बाटलीत अल्कोहोल आणि साबणाच्या आधाराने विरघळलेले तेल भरपूर पाण्यात तो आधार गमावते आणि अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. ग्रीसमधली ऊझो ही बडीशेपेच्या वासाची दारूही पाणी घातल्यावर अशीच पांढरी होते.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात डेटलेफ लोझे यांच्या गटाने २०१६ मध्ये ऊझोच्या सुकणाऱ्या थेंबाचे चार टप्पे नोंदवले. प्रथम थेंब पारदर्शक असतो. मग कडेवर, जिथून अल्कोहोल सर्वांत आधी जाते तिथे, तेलाचे सूक्ष्म थेंब जन्मतात. प्रवाह त्यांना सगळीकडे नेतो आणि थेंब दुधाळ होतो. पुढे अल्कोहोल संपते, तेल कडेला एकत्र येते, थेंब पुन्हा निवळतो आणि पाणी उडत राहते. शेवटी उरते फक्त तेल. बाहेरून कोणी काही मिसळले नाही. एक घटक आधी गेला आणि उरलेल्यांचे आपसात पटेनासे झाले.

एनसी रंग पावसाळ्यात पांढरा पडतो त्याची जात हीच. फरक इतकाच की इथे पाणी हवेतून येते. जलद द्रावक उडताना उष्णता घेऊन जातो, हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागते तसा रंगाचा थर गार होतो. थर किती गार झाला की हवेतले पाणी त्यावर दवासारखे बसेल, हे हवा किती दमट आहे त्यावर ठरते. समजा एप्रिलची दुपार आहे, तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के. दव जमायला थर ११ अंशांपर्यंत, म्हणजे तब्बल २७ अंशांनी उतरायला हवा. असे सहसा होत नाही. आता जुलै घेऊ, तापमान २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. दव २३ अंशांनाच जमू लागते. दोन अंशांचा गारवा पुरे, आणि तेवढा तर जलद थिनर चुटकीसरशी आणतो. जमलेले पाणी थरात उतरते, रेझिनला विरघळून ठेवणारा द्रावक तोवर उडालेला असतो, आणि रेझिन पांढऱ्या बारीक कणांत बाहेर पडते.

रिटार्डर म्हणून वापरला जाणारा ब्युटाइल सेलोसॉल्व्ह इथे दुहेरी काम करतो. तो संथ उडतो, म्हणून थर कमी गार होतो. शिवाय तो पाण्यातही मिसळतो आणि रेझिनलाही विरघळवतो. पाणी निघून जाईपर्यंत तो मागे थांबतो आणि रेझिनला सांभाळून धरतो. कारागिराचे ‘हवेत ओल आहे’ हे तीन शब्द या सगळ्याचे सार आहेत.

थिनर म्हणजे वेळापत्रक

थिनर रंग पातळ करण्यासाठी असतो, हे अर्धे सत्य आहे. चांगला थिनर हे द्रावकांचे वेळापत्रक असते. रंगाच्या धंद्यात उडण्याचा वेग ब्युटाइल अ‍ॅसिटेटच्या तुलनेत मोजतात. त्याचा वेग १ धरला तर अ‍ॅसिटोनचा ५ ते ६, टोल्युइनचा सुमारे २, झायलीनचा ०.७ आणि ब्युटाइल सेलोसॉल्व्हचा ०.०७ च्या जवळपास येतो. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ यांच्यात सत्तर-ऐंशी पटींचे अंतर. जलद द्रावक गनमधून नीट फवारा होऊ देतो आणि पत्र्यावर पोचेपर्यंत बराचसा निघून जातो, म्हणून रंग ओघळत नाही. मधला द्रावक थराला सपाट व्हायला काही मिनिटे देतो. संथ द्रावक शेवटपर्यंत रेझिनला हलते ठेवतो.

हे वेळापत्रक बिघडले की दोष उमटतात. बहुतेक रेझिनचा पृष्ठताण द्रावकापेक्षा जास्त असतो. म्हणून जिथून द्रावक लवकर जातो तिथला ताण वाढतो आणि ती जागा आजूबाजूचा रंग आपल्याकडे ओढते. पत्र्याच्या धारेवर रंग जाड होऊन बसतो तो यामुळे. ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, याचेही एक कारण हेच. ओल्या थरावर शेवटी येऊन पडणारे बारीक थेंब वाटेत जास्त द्रावक गमावून आलेले असतात. त्यांचा ताण खालच्या थरापेक्षा जास्त, म्हणून खालचा रंग त्यांच्या अंगावर चढतो आणि उंचवटा सपाट होण्याऐवजी वाढतो. थर सपाट होण्यात पृष्ठताणातील फरकाचा किती मोठा वाटा असतो, हे ओव्हरडीप यांनी १९८६ च्या निबंधात मांडले.

चंदेरी मेटॅलिक रंगात ढगांसारखे डाग येतात, त्याची वंशावळ आणखी जुनी आहे. १९०० साली आंरी बेनार या फ्रेंच संशोधकाने वितळलेल्या मेणाच्या पातळ थराला खालून उष्णता दिली, तेव्हा पृष्ठभागावर मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन उमटले. ते गरम द्रव हलका होऊन वर येण्यामुळे बनतात, अशी समजूत बराच काळ होती. पातळ थरात खरा चालक पृष्ठताण असतो, हे १९५६ मध्ये ब्लॉक यांनी आणि १९५८ मध्ये पिअर्सन यांनी दाखवले. सुकणाऱ्या रंगात वरचा भाग गार आणि द्रावकाला मुकलेला, खालचा उबदार आणि पातळ. त्यामुळे तिथेही असेच घुमणारे कप्पे तयार होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्या त्यांच्यासोबत फिरतात आणि थर घट्ट झाला की तशाच अडकून पडतात.

फिश आय तर मिरपुडीच्या प्रयोगाची नक्कल आहे. सिलिकॉन तेलाचा ताण २१ च्या आसपास, बहुतेक रंगांपेक्षा कमी. पत्र्यावर त्याचा अदृश्य ठिपका राहिला की रंग तिथून चारी दिशांना पळतो आणि मध्ये उघडे वर्तुळ राहते. टायर चमकवण्याचे पॉलिश किंवा सिलिकॉनचा स्प्रे रंगाच्या शेडजवळ वापरू नये, या नियमामागे एवढेच कारण आहे.

पाण्याच्या रंगाची अडचण

द्रावकाच्या वाफा कमी व्हाव्यात म्हणून वाहन उद्योग पाण्यावर आधारित रंगांकडे वळला. दिशा योग्यच आहे. पण थेंबाच्या दृष्टीने पाणी अवघड सोबती आहे. ब्युटाइल सेलोसॉल्व्ह हवेत नसतोच, म्हणून त्याच्या उडण्यावर आर्द्रतेचा परिणाम होत नाही. पाणी मात्र हवेत आधीच असते. हवा जितकी दमट तितके ते हळू उडते. डिलन यांनी १९७७ मध्ये या दोघांच्या शर्यतीचा हिशेब मांडला. प्रत्येक मिश्रणाला एक सीमारेषा असते, आर्द्रतेचा असा आकडा की ज्यावर दोन्ही घटक सारख्या प्रमाणात उडतात आणि मिश्रण बदलत नाही. पाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास ब्युटाइल सेलोसॉल्व्ह असेल तर ही रेषा ८० टक्क्यांजवळ येते. हवा त्याहून कोरडी असेल तर पाणी आधी जाते आणि रेझिनला सांभाळणारा द्रावक मागे राहतो. हवा त्याहून दमट असेल तर द्रावकच आधी जातो, पाणी मागे उरते आणि थर ओघळतो किंवा नीट जुळून येत नाही.

पाण्याच्या रंगाचे बूथ साधारण २३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या आसपास का ठेवतात, ते आता कळेल. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात ८० ची रेषा रोज ओलांडली जाते. हवा राखणारी यंत्रणा ज्याला परवडत नाही, त्या लहान शेडला पाण्याचा रंग वापरा असे नुसते सांगून भागणार नाही.

दोष कोणाचा?

इथपर्यंतचे वाचन कोणाला छंद वाटेल. माझे शिक्षण आयटीआयपर्यंतचे. रंगाच्या शेडमध्ये वर्षे काढल्यावर मी हे एकेक करून वाचत गेलो. पण याची गरज मला पटली ती एका रिजेक्शनमुळे. एका जॉबवर्कच्या ठिकाणी आठवडाभराचा माल ऑरेंज पीलसाठी परत आला. गन चालवणाऱ्याचा हात बसलेला नाही, असा निष्कर्ष निघाला आणि त्याच्या मजुरीतून पैसे कापले गेले. त्याच आठवड्यात थिनरचा ड्रम बदलला होता, स्वस्तातला, घटक न लिहिलेला. मी एकाच डब्यातला रंग दोन्ही थिनरमध्ये सारख्या प्रमाणात कालवला आणि एका काचपट्टीवर शेजारी-शेजारी थेंब सोडले. जुन्या थिनरचा थेंब सपाट वाळला. नव्याचा कडेला जाड आणि मध्ये धुरकट झाला. स्वस्त भिंगातूनही फरक स्पष्ट दिसत होता. पुढच्या ड्रमला जुना थिनर परत आला. कापलेली मजुरी आली नाही.

दोष हातात आहे की हवेत, की ड्रममध्ये, हे ठरवण्याचे साधन नसेल तर तो सर्वांत खालच्या माणसाच्या नावावर लिहिला जातो. काचेवरचा थेंब हे असे साधन आहे, आणि ते जवळजवळ फुकट आहे.

दुसरी गोष्ट फुप्फुसांची. थेंबातून जे आधी उडते ते कुठेतरी जाते. टोल्युइन आणि झायलीन यांच्या वाफांनी डोके दुखते, गरगरते. वर्षानुवर्षांच्या संपर्काने मज्जासंस्थेला इजा होते. ब्युटाइल सेलोसॉल्व्ह त्वचेतूनही शरीरात जातो, म्हणून थिनरने हात धुणे वाईटच. पीयू रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल रंगाचे थेंब थोडेफार अडवतो, वाफ अजिबात नाही. त्यासाठी कोळशाचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि आयसोसायनेटसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा. संथ द्रावकाचे तर वेळापत्रकच लांब असते. हाताला न चिकटणाऱ्या थरातूनही तो कित्येक तास निघत राहतो. रंगवलेला माल जिथे सुकत टांगला आहे, तिथेच बसून डबा खाऊ नये.

लहान शेडने काय करावे? सकाळी काम सुरू करताना हवेचे तापमान, आर्द्रता आणि पत्र्याचे तापमान, हे तीन आकडे वहीत लिहावेत. काही शे रुपयांच्या आर्द्रतामापकावर भागते. तोही नसेल तर दोन साधे थर्मामीटर घ्यावेत आणि एकाच्या फुग्याला ओला फडका गुंडाळावा. दोघांतले अंतर जितके कमी, तितकी हवा दमट. अंतर दोन अंशांच्या आत आले की जलद थिनरला हात लावू नये. नवा ड्रम उघडला की रंगात कालवून जुन्याशेजारी त्याचा थेंब काचेवर वाळवावा, आणि तारीख घालून ती काचपट्टी जपून ठेवावी. वर्षभरात अशा काचांची एक पेटी भरेल. कोणत्या हवेत कोणता थिनर चालला, हे त्या शेडपुरते तीच पेटी सांगेल. आणि पुढच्या ऑगस्टमध्ये माल परत आला, तर कोणाची मजुरी कापण्यापूर्वी ती उघडून पाहता येईल.